ढवळ्या कडबा का खाईना?

हिलालमावसाच्या खळ्यात वाळत घातलेल्या मिरच्यांची पथारी पुन्हा कमी भरली होती. राखणदार दोधू कमरेवर हात ठेवून सुगंधाकडेच बघत होता. मग काय, सारं कोरीट गावच तिच्याकडे बघू लागलं!

मानमोडीच्या साथीत तिची आई गेली. बाप धडगावला जंगलखात्यात, सदा डोंगरात. म्हणून उन्हाळ्यापुरती ती मावशीकडे आली होती. तिचं पुस्तकी बोलणं ऐकून शेजारचा भिला आणि त्याची बहीण शांती खुदुखुदु हसत. आता तर दोघं चोर पकडायला तिच्या मागे मागे फिरू लागली.

हिलालमावसा तापट. आणखी एकदा मिरच्या गेल्या तर पोरीला परत धाडीन, असं त्याने मावशीला बजावलं. सुगंधाने ते ऐकलं. धडगावच्या रिकाम्या घरात भिंतींशी बोलायचं का?

दुपारी ती गोठ्यात जाऊन बसली. दाराआड पाळतीवरचे चार डोळे होतेच. दोधूने टाकलेला कडबा ढवळ्या बैलाने हुंगला, जोरात शिंकला आणि तोंड फिरवलं.

"हा शिंकतो का रे?" तिने न राहवून दाराकडे बघत विचारलं.

"सर्दी व्हयनी व्हई," दाराआडून भिला म्हणाला.

"भर वैशाखात?"

शांतीने आत येऊन पेंढी नाकाशी नेली मात्र, तीही फटाफट शिंकू लागली! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडब्याच्या गंजीला दोधू कोणाला हात लावू देत नसे. भिला लगेच बोंब मारायला निघाला, तसा सुगंधाने त्याचा सदरा धरला. पोरांचं कोण ऐकणार? दोधू कानावर हात ठेवून मोकळा होईल. पण मावसाचा बैलांवर फार जीव. तिने पढवलेला निरोप घेऊन भिला पळाला.

"काका, ढवळ्या कडबाले तोंड लाई नही ऱ्हायना!"

मावसा भरल्या ताटावरून उठून आला. कडब्यात विषारी काही आलं की काय, म्हणून स्वतःच पेंढ्या उपसू लागला. 'मी बघतो' म्हणत दोधू आडवा येत होता, पण मावसा कोणाचं ऐकतो! तळाशी मिरच्यांनी ठासलेल्या गोण्या निघाल्या.

दोधूला हाकलून मावसा सुगंधासमोर येऊन उभा राहिला.

"मन्ही चूक व्हयनी, बेटा. तू आते आठेच ऱ्हाय. तुन्हा बापले मी सांगस."

मावशीने तिला पोटाशी धरलं. सुगंधा हमसून हमसून रडली. गलका ऐकून जमलेली गावातली म्हातारी माणसं पोरीच्या डोक्याचं कौतुक करत राहिली. शांतीला मात्र धीर नव्हता. तिने सुगंधाचा हात ओढला.

"चाल, इहीरमा पवाले जाऊत."

"मला पोहता येत नाही."

"मंग शिकाडसूत ना," भिला मान खाली घालून म्हणाला.