साखळी सोडू नका

पूर्वेला तांबडे फुटले आणि कासवबेटाचा कोट हळूहळू समुद्रातून वर उठल्यासारखा दिसू लागला. पश्चिमेच्या तटाला वेढा घालून बसलेल्या फिरंग्यांच्या तोफांनी खिंडारे पाडली होती, त्यांत माडाचे ओंडके रचून बेटकऱ्यांनी ती कशीबशी बुजवली होती, आणि तेवढ्याही अवस्थेत बुरुजावरचे निशाण ताठ होते. मचव्यातून ते पाहताना सोनगिरी राज्याचे वकील रंगो विश्वनाथ यांच्या मस्तकात तिडीक गेली. याच बेटाच्या सदरेवर बेलभंडार उचलून त्यांनी तह केला होता. त्या शब्दावर बेटाचे खलाशी सोनगिरीसाठी लढले, बुडाले. आणि आता बेटावर संकट आले, तेव्हा दिवाण नारो भास्करांनी त्यांचा सौदा केला होता.

"फिरंगी बेटाच्या बदल्यात तोफा देतो आहे," दिवाण काल पान चघळत म्हणाले होते. "बेटकऱ्यांचा भरवसा तुमच्या एकट्यावर. आपल्या निशाणाची गलबते येतील, तेव्हा बंदराचे तोंड अडवणारी साखळी तेवढी सोडायला लावा. आत माणसे कोणाची, याची पंचाईत तुम्हांस नको."

"आणि तह?"

"तह बरोबरीच्यांत होतो, पंत. हत्ती-मुंगीत होते ती मेहेरबानी!"

रंगोपंतांनी ओठ दाताखाली दाबला. आपण नकार दिला, तर दुसरा कोणी जाईल आणि काम फत्ते करून येईल, हे ते जाणून होते. म्हणून ते मुकाट्याने मचव्यात बसले. पहाऱ्यासाठी दिवाणांचा सुभेदार जानराव सोबत होताच.

सदरेवर बेटाची धनीण बायजाई तांडेलीण उभी होती. तिचा थोरला लेक सोनगिरीच्याच लढाईत कामी आला होता.

"वकीलसाहेब, फार वाट पाहायला लावलीत," ती म्हणाली.

इतक्यात बुरुजावरून आरोळी आली, "कुमक आली! सोनगिरीचे निशाण!" उपासाने खंगलेली माणसे एकमेकांच्या गळ्यात पडली.

जानराव पुढे झाला. "बाईसाहेब, साखळी सोडण्याचा हुकूम व्हावा."

"हुकूम होऊ नये!" रंगोपंत गरजले. "त्या गलबतांत फिरंगी आहेत. आमच्या दिवाणांनी तुम्हांस विकले आहे!"

क्षणात जानरावाची तलवार म्यानाबाहेर आली. रंगोपंतांनी अंग चुकवले, तरी वार डाव्या खांद्यात उतरला. बेटकऱ्यांनी सुभेदाराला जमिनीवर दाबून धरले.

बायजाईचे डोळे निखाऱ्यासारखे पेटले होते. "बेलभंडार तुम्हीच उचललात, आणि तुम्हीच म्हणता तो खोटा! आज तुमच्या कोणत्या जिभेवर भरवसा ठेवू?"

"जिभेवर ठेवूच नका. मला साखळीच्या बुरुजावर उघड्यावर उभे करा. माझ्या राजाच्या नावाने मी गलबतांना थांबवीन. थांबली, तर ती आमची. मग माझे मुंडके तिथेच उडवा."

भळभळता खांदा उपरण्याने आवळून ते बुरुजाच्या कडेला गेले. गलबते भरल्या शिडांनी बंदराच्या तोंडाशी आली होती.

"सोनगिरीच्या महाराजांची आण आहे! शिडे उतरवा आणि नावे सांगा!"

उत्तर तोफेने दिले. रंगोपंतांच्या पायाखालचा चिरा फुटला, बुरुज धुळीने भरला. त्या धुळीतूनच त्यांचा घोगरा आवाज आला, "साखळी सोडू नका! मारा!"

पहिले गलबत ताणलेल्या साखळीवर आदळून आडवे झाले, मागचे त्याच्यावर चढले आणि बायजाईच्या गोलंदाजांनी साठलेला संताप त्या एका जागी ओतला. सोनगिरीचे निशाण फिरंग्यांच्या प्रेतांसोबत पाण्यात गेले, तेव्हा बेटावर जयजयकार झाला नाही; बायका तटावर उभ्या राहून त्या निशाणावर थुंकल्या. फसवणूक फसलेली पाहून बाहेरच्या फिरंगी आरमाराने वेढा उठवला.

तिकडे सोनगिरीत दिवाणांनी रंगोपंतांना हरामखोर ठरवले, वतन जप्त केले, घरावर गाढवाचा नांगर फिरवला. पण बायजाईने जानरावाला जिवंत ठेवून भर दरबारात महाराजांपुढे धाडले होते. कबुली ऐकून महाराजांनी दिवाणांना बेड्या ठोकल्या आणि बेटाकडे मानाची वस्त्रे पाठवली.

बायजाईने ती न उलगडता परत केली. "धन्याला म्हणावे, तह हवा तर स्वतः यावे. वस्त्रे नकोत."

मग महाराजांना समुद्र ओलांडावा लागला. जिथे माणसे पडली होती, त्या तटावर ते अनवाणी चालले आणि सदरेवर बायजाईसमोर, तिच्या बैठकीइतक्याच उंच आसनावर बसले. रंगोपंत पलीकडे, बेटकऱ्यांच्या रांगेत होते. निकामी डावा हात गळ्यात बांधलेला.

"पंत, दिवाण कैदेत आहे, वतन परत दिले," महाराज हळू आवाजात म्हणाले. "अजून राग गेला नाही?"

"नाही, महाराज," रंगोपंत म्हणाले. "आणि माझ्या हयातीत जाणार नाही. आता तहाची कलमे वाचायला सांगा. या खेपेस मी या बाजूने ऐकतो."