मधली फटफटी

ती बत्ती जरा बारीक करा, पोरांनो. आणि मधे कुणी बोलायचं नाही. तळेगावजवळच्या इंदुरीचा महिपती लॉरीवाला माझ्या चांगल्या ओळखीचा. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

सत्तेचाळीस साल. लढाई संपली होती, पलटणीच्या जुन्या फटफट्या विकायला निघाल्या होत्या. तळेगावच्या एका व्यापाऱ्याला तीन फटफट्या मुंबईला पोचवायच्या होत्या. त्यातली एक दोनदा माघारी आलेली. दुसऱ्या खेपेला ती नेणारा होता महिपतीचा मेहुणा, बजरंग. त्यानं ती खंडाळ्याला रस्त्याकडेला उतरवली आणि रिकामी लॉरी घेऊन परत आला; व्यापाऱ्याला ती मागाहून माणसं पाठवून आणवावी लागली.

"दोर ठरत न्हाई तिच्यावर," एवढंच तो बोलला.

तेव्हापासून बजरंगाच्या हाती कुणी गाडी देईना. चावडीवर तो दिसला की लोक तोंडानं फट्फट् आवाज काढायचे. बिचारा मान खाली घालून जायचा. महिपतीला ते बघवेना. तो व्यापाऱ्याकडं गेला. "मी नेतो. मग बघतो बजरंगाला कोण हसतं ते."

फटफटी बांधावी तर महिपतीनं. टाक्यांतलं पेट्रोल आधी काढलं. पुढची चाकं हौद्याच्या फळीला भिडवली, गिअर टाकून ठेवले. हँडलाला दोन्ही बाजूंनी दोर लावून खाली असे ताणले, की पुढच्या स्प्रिंगा अर्ध्या दबल्या. मग धक्क्यानं गाडी उसळत नाही. अधेमधे गवताची पोती कोंबली. खोडीची फटफटी त्यानं मुद्दाम मधे घेतली. बरोबर क्लीनर म्हणून दत्तोबा होता, वयानं महिपतीहून बराच मोठा.

बुधवार, पौषातली अमावस्या. उजाडताना माल भायखळ्याला हवा होता, म्हणून रात्री दहाला तळेगाव सोडलं. कान्ह्याला उतरून दोरांना हात लावला. सगळं घट्ट. कार्ल्याच्या फाट्यावर परत उतरले.

मधलीचा दोर सुटला होता. तुटला नव्हता. कुणीतरी सोडून, नीट वेटोळं करून सीटवर ठेवला होता.

"महिपती, हिला हितंच ठिवू," दत्तोबा म्हणाला.

"का?"

"का म्हून काय इचारतोस? वेटोळं बघितलंस न्हवं?"

"बघितलं. पर भाऊ, माझ्या हौद्यात चढलेला माल मुंबईलाच उतरंल. वाटंत न्हाई."

त्यानं पुन्हा बांधलं. दुहेरी गाठ मारली.

लोणावळा गेलं. खंडाळा गेला. बारा वाजून वीस मिनिटं झाली असतील. घाटाचा उतार लागला, आणि मागून आवाज आला.

फट्... फट्... फट्फट्फट्...

टाकीत थेंब नव्हता.

दत्तोबानं महिपतीचा दंड धरला. 

महिपतीनं लॉरी दरडीच्या कडेला घेतली. चाकांना दगड लावले. कंदील उचलला आणि एकटाच मागं चढला.

आवाज थांबला.

दोर सुटलेला. परत तसंच वेटोळं, या खेपेला खाली, चाकापाशी.

आणि सीट... सीटच्या स्प्रिंगा दबलेल्या. माणूस बसल्यावर दबतात तशा.

 पळावंसं वाटलं, हे महिपती शेवटपर्यंत कबूल करायचा. पण त्याला बजरंगाची ती खाली घातलेली मान आठवली, आणि डोकं तापलं.

"कोण हाईस मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "पलटणीतला असशील. कुटं तरी मेला असशील. वाईट झालं. पर माझा मेहुणा जिता हाय, अन् तू त्याचं जिणं नकोसं केलंस."

त्यानं चाकापाशी पडलेला दोर उचलला.

"उतरत न्हाईस? नगं उतरू. बस. पर गाडी माझी हाय. हितं बांधल्याबिगर कुणी जात न्हाई."

त्यानं दोर सीटवरून पलीकडं टाकला.

दोर सीटला टेकला नाही. वीतभर वर... कशाला तरी अडला.

हाताला लागलं ते गार होतं.

महिपतीनं हात काढला नाही. पाय रोवून दोर ओढला. कुणीतरी श्वास आत घेतला... अगदी जवळ. त्यानं गाठ मारली. दुसरी मारली. मग कंदील वर नेला. जिथं तोंड असायला हवं तिथं.

"आता सोडून दाखव."

...

गाठ जागची हलली नाही. 

तो खाली उतरला, दगड काढले, केबिनमधे बसला. "चला, भाऊ."  पनवेलपर्यंत मागून काही ऐकू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात महिपतीनं बजरंगाला त्याच घाटात स्टिअरिंगवर बसवलं, आणि चावडीवर त्याला हसणारं कुणी उरलं नाही. ते झालंच. पण भायखळ्याला त्या पहाटे हौद्याचा मागचा फाळका पाडला, तेव्हा दत्तोबानं आधी कंदील आत धरला. गाठी जागच्या जागी होत्या. कडेच्या दोन्ही फटफट्यांच्या चाकांवर कोरडी धूळ. महिना पौषाचा, पावसाला जाऊन तीन महिने झालेले. मधलीच्या चाकांच्या खाचांत लाल चिखल होता. ताजा. त्यातून पाणी अजून टपटप गळत होतं.