टपालपेटीवरचं लाल फडकं

त्या दिवशी मी ट्रकमध्ये वाळू आणि मीठ भरलं, थर्मासमध्ये कॉफी ओतली आणि रोजच्यासारखा रस्त्यावरचा बर्फ काढायला निघालो. दुपार होती. आमच्याकडे बर्फाच्या वादळात अंधार पडत नाही. सगळं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात माणसाला स्वतःचा हातही दिसत नाही.

आधी आर्डिस क्वामेचं सांगतो. आमच्या रस्त्याच्या वळणावर ती एकटी राहायची. मागच्या हिवाळ्यात काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कचेरीनं, सांगितलं होतं की ज्याला मदत हवी त्यानं घरासमोर रस्त्याकडेला असलेल्या आपल्या टपालपेटीला लाल फडकं बांधावं, आमचा माणूस येईल. आर्डिसनं बांधलं. मग काउंटीचाच बर्फ काढायचा ट्रक आला. त्याच्या बाजूच्या पात्यानं रस्त्यावरचा सगळा बर्फ कडेला फेकला आणि पेटी फडक्यासकट गाडली गेली. त्या रस्त्यावर कुणालाच फडकं दिसलं नाही, म्हणून कुणी गेलं नाही. ती सापडली तेव्हा खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या गोठून गेलेली होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स. निघायच्या तयारीत. त्या ट्रकचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं.

या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. काउंटीचा आपत्कालीन अधिकारी लोवेल उभा राहिला आणि तीच योजना पुन्हा वाचून दाखवली. माझी आई ऑक्सिजनची नळी सावरत म्हणाली, "लोवेल, पेटी गाडली गेली तर फडकं तुझ्या टोपीला बांधू का रे?"

सगळे हसले. लोवेलही हसला. "मग जरा लांब फडकं बांधा," म्हणाला. मग सगळे कॉफीकडे वळले. मी मागे उभा होतो. मला चारचौघांत बोलता येत नाही.

तर त्या दुपारी वीज गेली. फोनही गेले. आईचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, बॅटरी थोडाच वेळ टिकते. मी वायरलेसवर काउंटीच्या ऑफिसातल्या लोइसला म्हटलं, "आईकडे कुणाला तरी पाठव."

"लोवेल विचारतोय, फडकं दिसलंय का?"

"कुणाला दिसणार? त्या रस्त्यावर फिरणारा मीच आहे. आणि तिनं पेटीपर्यंत चालत जायचं कसं?"

लोइस हळूच म्हणाली, "डेल, शाळेचं आवार आधी मोकळं कर म्हणतोय. तिथे लोकांसाठी निवारा उघडलाय, वर्तमानपत्रवाले येणारेत... मी काय करू रे?"

मी वायरलेस बंद केला आणि ट्रक आमच्या रस्त्याला वळवला.

पात्याची घरघर, वायपरची खरखर, केबिनमध्ये गरम डिझेलचा वास. वळणावर आलो आणि सहज आरशात पाहिलं. मागे आर्डिसच्या पेटीपाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. कोट होता, डोक्याला रुमाल होता. हातात मोजे नव्हते. दोन्ही हातांनी बर्फ उकरत होतं.

मी ब्रेक लावला. दार उघडलं.

"मिसेस क्वामे...?"

वाऱ्याशिवाय काही नाही. उतरून मागे गेलो. पेटी खालपर्यंत मोकळी होती. खांबावर फक्त गाठीचा दोरा राहिला होता. फडकं नव्हतं.

परत चढलो. गिअर टाकला. पुढे रस्ता कुठे आणि शेत कुठे, काही कळेना. आमचं घर आलं की गेलं... अंदाज लागेना. मी तसाच पुढे गेलो असतो. तेवढ्यात काचेसमोर काहीतरी लाल फडफडलं.

आमची पेटी. ढिगाऱ्यातून वर काढलेली. तिला विटलेलं फडकं, घट्ट बांधलेलं.

आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, ओठ निळे पडलेले. तिला उचलून केबिनमध्ये आणलं, मशीन ट्रकच्या विजेवर लावलं. बऱ्याच वेळानं ती बोलली.

"आर्डिस येऊन गेली."

"आई..."

"माहितीये मला. डोकं ठिकाणावर आहे माझं. कॉफी घेतेस का म्हटलं तिला. म्हणाली, वेळ नाही. गावात एका घरी जायचंय."

वर्तमानपत्रात लोवेलचा फोटो आला. लाल फडक्यानं जीव वाचवला, योजना यशस्वी. आईनं तो पेपर बुटांखाली अंथरला.

मग एक दिवस लोवेलनं मला ऑफिसात गाठलं. त्याचं घर गावाच्या टोकाला, पेटी रस्त्यावर. "माझ्या पेटीला फडकं तू बांधतोस का रे? गंमत बास आता. मी सोडतो, सकाळी पुन्हा असतंच."

"मी नाही बांधत, साहेब."

मी खरं बोलतोय हे त्याला कळलं असावं.

काल पुन्हा वादळ आलं. आता मी प्रत्येक पेटीपाशी बाजूचं पातं उचलतो, कुणी सांगितलेलं नसलं तरी. लोवेलच्या पेटीपाशीही उचललं, शप्पथ. पेटीवर लाल फडकं फडफडत होतं. पुढे गेलो आणि आरशात पाहिलं.

पात्यानं एक मूठभरही बर्फ फेकला नव्हता. तरी पेटीवर बर्फ चढत होता. हळूहळू, ओंजळीनं टाकावा तसा. फडकं दिसेनासं झालं.

मी घराकडे पाहिलं. दिवे चालू होते, धुराड्यातून धूर येत होता. लोवेल खिडकीशी खुर्चीत बसला होता, कोट घालून, टोपी चढवून. मी हात केला.

त्यानं केला नाही. तो पेटीकडे बघत होता.