एका वाटीतलं औषध

चहाची बशी ओठाला लावण्याआधी हिंदुराव चौगुले मोबाइलवर आपली गाठ बघत. इतर लोक आज ऊन आहे की पाऊस ते बघतात, तसे.

"काय म्हणतीया?" शेजारी बसलेले शिदोबा मगदूम विचारत.

"तिळाएवढी हुती, खसखशीवर आली. तुझी?"

"माझी बी सुकलीया. पर तुझी जरा मोठीच दिसतीया हं. हितं तरी चीत झालास लेका!"

दोघे सत्तरी ओलांडलेले, कोल्हापूरच्या एकाच तालमीच्या मातीत वाढलेले. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. दोघांनाही तिचाच कर्करोग झाला होता.

मोबाइलवर दिसायची ती गाठ त्यांच्या शरीरातली नव्हे. शहराबाहेरच्या संशोधन केंद्रात रोग्याच्या गाठीतल्या थोड्या पेशी काढून काचेच्या ताटलीत वाढवत. त्यातून मूळ गाठीची जणू जुळी बहीण तयार होई. तिला प्रतिगाठ म्हणत. नवं औषध आधी तिच्यावर टाकून बघायचं. हे नवं औषध भांगेच्या झाडातून आलं होतं. त्या झाडात शंभरावर रसायनं असतात. नशा आणतं ते एक, आणि कर्कपेशींना मारतं ते दुसरंच. विजया हे भांगेचं जुनं नाव, म्हणून या रसायनाला विजयीन म्हणू लागले.

काचेवरची गाठ मरते. माणसातली मरेल का? ते पाहण्यासाठी चाचणी चालू होती. नेहमीचे उपचार सर्वांनाच होते. शिवाय निम्म्या रोग्यांना रोज घ्यायला विजयीनचं तेल दिलं होतं आणि निम्म्यांना त्याच चवीचं साधं तेल. कोणत्या बाटलीत काय आहे, हे रोग्यालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. नुसत्या आशेनंसुद्धा माणसाला बरं वाटू लागतं आणि मोजणाऱ्याची नजर फसते, म्हणून ही खबरदारी. बाटलीचं झाकण उघडलं की केंद्रात आपोआप नोंद होई. चौगुले आणि मगदूम यांची झाकणं रोज सकाळी न चुकता उघडत.

काचेवरच्या गाठी विरत चालल्या होत्या. पण पोटातला रोग दोघांच्याही हाडांपर्यंत पोचला.

चाचणी चालवणाऱ्या डॉ. रेहाना मुल्ला यांनी दोघांच्या ताज्या पेशी काढून नव्या प्रतिगाठी वाढवल्या आणि त्यांच्यावर विजयीनचा पूर्ण डोस टाकला. काहीच झालं नाही. या पेशी विजयीनला सरावल्या होत्या. मग चाचणीच्या देखरेख समितीनं कुणाच्या बाटलीत काय आहे याची गुप्त नोंद त्या दोघांपुरती उघडली, आणि डॉक्टर चक्रावल्या. विजयीन फक्त हिंदुरावांच्या बाटलीत होतं. शिदोबांना साधं तेल मिळत होतं. जे औषध कधी पोटात गेलंच नाही, त्याला त्यांच्या पेशी सरावल्या कशा?

त्यांनी दोघांना बोलावून घेतलं.

"औषध कसं घेता, ते मला करून दाखवा."

"त्यात काय दाखवायचं?" शिदोबा म्हणाले. "दोन्ही बाटल्यांतलं एका वाटीत वतायचं, ढवळायचं, निम्मं त्यो, निम्मं मी."

"पहिल्या दिवसापासून?"

"तर! तालमीत कुंडीत थंडाई घोटली की जोडीदाराला सोडून कोण पितंय? एकट्यानं खुराक खाणाऱ्याला वस्ताद मातीत उतरू द्यायचे न्हाईत."

डॉक्टरांनी सूचनांचा कागद पुढं ओढला. औषध जेवणाआधी घ्यावं, सावलीत ठेवावं, सगळं सांगून झालं होतं. वाटून घेऊ नये, हे सांगावं लागेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"हिंदुरावकाका, अर्ध्या ताकदीनं डाव टाकला तर काय होतं?"

"समोरचा सुटतोय. वर त्या डावाची तोड शिकतोय." एवढं बोलून हिंदुराव थांबले. "गाठ शिकली?"

"दोघांचीही. अर्ध्या डोसात कमजोर पेशी मेल्या, चिवट उरल्या, आणि त्याच वाढल्या. आता पूर्ण डोस दिला तरी उपयोग नाही."

"म्हंजे येकानं आपलं आपण घेतलं असतं," शिदोबा सावकाश म्हणाले, "तर येक वाचला असता."

"कदाचित. औषध एकाच बाटलीत होतं."

कुणाच्या, ते कुणीच विचारलं नाही. शिदोबा उठले. "चहा सांगतो," म्हणून बाहेर गेले.

दार लागताच हिंदुराव पुढं झुकले. "बाई, त्यानं कधी इचारलं, तर औषध त्याच्याच बाटलीत हुतं म्हणून सांगा."

"का पण?"

"आपलं दुसऱ्याला दिलं म्हणून माणूस सुखानं जातोय. दुसऱ्याचं खाल्लं म्हटल्यावर न्हाई जात."

हिंदुराव बाहेर पडले. थोड्या वेळानं टोपी विसरल्याचं निमित्त करून शिदोबा परत आले. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती.

"डॉक्टरीणबाई, हिंदबानं इचारलंच, तर त्याचीच बाटली खरी हुती म्हणायचं. माझी शप्पथ हाय."

तेही बाहेर पडले.

डॉक्टर खिडकीशी उभ्या राहिल्या. शिदोबांना हवं होतं ते खरंच होतं. हिंदुरावांना हवं होतं ते खोटं. दोघांनाही 'तुमचीच' असं सांगितलं, तर ते उद्या सकाळपर्यंतसुद्धा टिकणार नाही. ही माणसं एकमेकांपासून काही राखून ठेवणारी नव्हतीच. ठेवलं असतं, तर आज त्यांतला एक कदाचित बरा होत असता.

खाली बाकावर दोघांत एकच चहा होता. हिंदुरावांनी बशीत ओतून आधी शिदोबांपुढं धरला. शिदोबांनी घोट घेतला, मान वर केली आणि खिडकीकडे बघत हातानं खूण केली. खाली या, काहीतरी विचारायचंय.

डॉक्टर जिना उतरू लागल्या. औषध कुणाच्या बाटलीत होतं, असं दोघांसमोर विचारलं, तर कुणाचं ऐकायचं?