मास्तरांचं क्रियापद

दिवेलागणीला आईनं शरदच्या हातात डबा ठेवला. "अंबिकाकाकूंना देऊन ये. अन् कसंही करून बोलतं कर रे त्यांना. उद्या कचेरीत तोंड उघडलं नाही, तर घर गेलंच समज."

कॉलेज सोडून घरी बसलेल्या मुलाला सगळी कामं लागू होतात. शरद निघाला. कृष्णपुऱ्याच्या दगडी समाधी-छत्र्यांवर मिलचा धूर उतरला होता, थंडी पडत होती, आणि जुन्या इंदूरच्या चढावर नेमकी बत्ती गुल झाली.

अंबिकाकाकू म्हणजे दत्तोपंत मास्तरांची बायको. मास्तर दरबारात इंग्रजी खलिते लिहायचे. दरबारनं ते घर त्यांना आणि त्यांच्यामागं बायकोला राहायला दिलेलं. त्याचा कागद संस्थान मध्यभारतात विलीन झालं तेव्हा कुठं गडप झाला कुणास ठाऊक. आता नव्या साहेबांचं म्हणणं, बाईंनी स्वतः येऊन तोंडी सांगावं. आणि बाई तर मास्तर गेले त्या दिवसापासून मुक्या.

नोकरी सुटल्यावर मास्तर गल्लीतल्या पोरांना शिकवत. थंडीतल्या सकाळी, सतरंजीवर, मांडीवर पाटी. आतून पोह्यांच्या फोडणीचा वास, वर भुरभुरलेला काकूंच्या हातचा जिरावण मसाला. मास्तर मराठी वाक्य टाकायचे, पोरांनी पाटीवर इंग्रजी उतरवायचं. 'दाखवणे'ला कुणी एस-एच-ओ-डब्ल्यू लिहिलं, की मास्तर बोटाला थुंकी लावून 'ओ' पुसत आणि 'ई' घालत. गोऱ्या साहेबानंच कधीची टाकून दिलेली क्रियापदं हा माणूस दरबारी अंगरख्यासारखी जपायचा. पोरं आपसात त्या शब्दाला 'शू' म्हणायची आणि करंगळी वर करून खिदळायची.

तीच क्रियापदं शरदनं इंटरच्या पेपरात लिहिली आणि तो नापास झाला. मास्तर म्हणाले, "परीक्षक गाढव आहे." बस्स, एवढंच. पोराचं कॉलेज सुटलं, ह्यांची अकड सुटली नाही. ती पिढीच तशी. स्वतः चुकायचं नाही, चुकायला बाकीचे आहेतच. तरी त्या पायऱ्या चढताना शरदच्या नाकाशी तोच पोह्यांचा वास आला.

काकू चिमणीसमोर बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार उघडं, आणि तिथला काळोख बाहेरच्यापेक्षा दाट.

"काकू, आईनं थालीपीठ दिलंय."

काकूंनी तोंड उघडलं. "बाळ, तू..."

"शू..."

आवाज आतून आला. लांबलचक, ओला. चिमणीची ज्योत आडवी झाली.

"ऐकलंस?..." काकू ओठसुद्धा न हलवता पुटपुटल्या. "दर वेळी... तोंड उघडलं की... पाहुण्यांसमोर मी बोलले की ह्यांच्या भुवया वर जायच्या. आता भुवया राहिल्या नाहीत... म्हणून आवाज..."

शरदच्या पाठीतून शिरशिरी गेली, आणि तिच्यामागून संताप. जन्मभर बायकोला बोलू दिलं नाही, आता मेल्यावरही? आणि मग एकदम त्याला ती पाटी दिसली. पुसलेला 'ओ', वर 'ई'.

"काकू! गप्प नाही करत आहेत ते. शब्द सांगतायत, शब्द! एस-एच-ई-डब्ल्यू. दाखव! उद्या कचेरीत दाखवून दे म्हणतायत. बिलकुल डरायचं नाही तुम्ही."

हे त्याला स्वतःलाही पटलं. पटायला हवंच होतं. म्हाताऱ्यानं एकदा तरी कुणाला पास करायचं मनावर घेतलं होतं.

काकू आतल्या काळोखाकडे बघत राहिल्या. मग खड्या आवाजात म्हणाल्या, "हे घर माझं आहे."

आत काहीच नाही.

"माझं आहे हे घर!" आणि त्या हसल्या. थालीपीठ खाता खाता बोलतच सुटल्या. कुणाची पाटी फुटली होती, कोण पोहे खिशात भरून न्यायचं, सगळं. मधेच बत्ती आली. आतली खोली रिकामी होती. खुंटीवर मास्तरांची टोपी.

शरदनं बाहेर जाऊन कडीला हात घातला तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "पण गंमत बघ. हे त्या शब्दाला 'शो' म्हणायचे. लिहायचे 'ई' घालून, वाचायचे 'शो'. मोठ्यानं वाचायची सवय ना, मी ऐकलंय की. 'शू' म्हणेल तो मूर्ख, म्हणायचे."

शरदचा हात कडीवरच राहिला. "मग आत..."

"जे असेल ते असो," काकू म्हणाल्या. "उद्या मी बोलणार."

आणि बोलल्या. अशा बोलल्या, की शेवटी साहेबच हात जोडून म्हणाला, "बस माताजी, बस. घर आपका." शरद कचेरीतून धावतच घरी आला. आई चुलीपुढे मेथी निवडत होती.

"काय झालं रे? बोलल्या का काकू?"

सांगायला शरदनं तोंड उघडलं.

"शू..."

त्याच्या उजव्या कानामागं. ओला, कोमट.

आईनं मान वर केली. "मला कशाला गप्प करतोस रे मेल्या? आईला असं करतात?"

शरदचं तोंड अजून उघडंच होतं.