घाबरलेल्या हाताचं माप

माझ्याकडे बघून तो पहिला शब्द बोलला तो असा — "लहान आहे." नमस्कार नाही, बसा नाही, काही नाही!

"काय लहान आहे?"

"हात."

"मला ठाऊक आहे," मी फणकारले.

"अहो, दोष नाही काढला. माप काढलं."

क्लबच्या शस्त्रखोलीत मला बाईंनी धाडलं होतं. बाई म्हणजे आमच्या नेमबाजीच्या प्रशिक्षक. गेल्या वर्षी निवड चाचणीत मी दोन गुणांनी हुकले आणि खापर क्लबच्या पिस्तुलावर फोडलं. मूठ जाड, बोट चापापर्यंत धड पोचत नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," असं बाई तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. यंदा मात्र त्यांनीच 'तुझ्या हाताचं पिस्तूल निवड' म्हणून पाठवलं. चाचणी आठ दिवसांवर, संघात जागा पाच, आणि या वर्षानंतर माझा ज्युनिअर गट संपणार.

त्याला सगळे मुठीवाला म्हणत. पिस्तुलांच्या लाकडी मुठी घडवायचा. क्लबमध्ये नवा होता. तीन महिने काम बघून मग त्याला ठेवायचं की नाही, हे बाई ठरवणार होत्या.

त्याने टेबलावर पॉइंट टू-टूची तीन पिस्तुलं मांडली. एकेक उघडून, रिकामं असल्याचं दाखवून माझ्या हातात दिलं.

"डोळे मिटा. समोरच्या भिंतीकडे हात उचला... आता उघडा."

पहिल्या पिस्तुलाची पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, मागच्या खाचेच्या पार डावीकडे गेली होती. दुसऱ्याचं तोंड जड, ते खालीच वाकलं. तिसरं उचललं, डोळे उघडले, तर माशी खाचेच्या बरोबर मधोमध! मी काहीसुद्धा केलं नव्हतं.

"हेच!" आम्ही दोघं एकदम म्हणालो, आणि मग उगाचच दोन वेगळ्या दिशांना बघत राहिलो.

आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "घाईत घेतलेली चप्पल आणि घाईत पसंत केलेला माणूस, दोन्ही चावतात. नीट बघ." मी पिस्तुलाबद्दल बोलत होते, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

मग मुठीचं काम सुरू झालं. तो माझ्या तळहाताला ब्रशने निळी खडू-पूड लावायचा आणि मी मूठ धरायची. जिथे लाकूड दाट निळं होईल, तिथे हात जास्त दाबतोय, म्हणून तेवढं लाकूड तो कानशीने उतरवायचा. चार दुपारी हेच चाललं. त्याच्या मनगटाला लाकडाचा भुसा चिकटलेला असायचा आणि मला तो झटकावासा वाटायचा.

"तुम्ही श्वास घेत नाही आहात."

"घेते की!"

"मग फार गुपचूप घेता."

पाचव्या दिवशी रेंजवर गेले आणि तोंडचं पाणी पळालं. मूठ सैल होती. अंगठ्याच्या बुडाशी चक्क पोकळी... गोळ्या डावीकडे जात होत्या. धावत शस्त्रखोलीत आले, त्याच्यासमोर मूठ धरली, तर एकदम घट्ट! पुन्हा रेंजवर सैल. पुन्हा त्याच्याकडे घट्ट. असं तीनदा झालं.

बाईंनी घड्याळ बघितलं. "उद्या चारपर्यंत पिस्तूल तपासणीला द्यायचंय. जमत नसेल तर जुनं घे. त्या मुठीवाल्याचं मग मी बघते."

शस्त्रखोलीत तो खुर्चीत खाली मान घालून बसला होता. "माझीच चूक असणार," तो म्हणाला. "पण कुठे, तेच कळत नाही हो. तुम्ही जुनं घ्या. तुमचं वर्ष वाया नको."

मला मात्र कारण केव्हाच कळलेलं होतं. रेंजवर उभी राहिले की माझा हात थंड, कोरडा, शहाण्यासारखा असतो. आणि इथे? गरम, घामेजलेला, मूठ गच्च आवळलेली. सगळं लाकूड निळं झालं आणि त्याने सगळं प्रामाणिकपणे उतरवलं. सांगावं, तर हात दाखवून अवलक्षण. गप्प बसावं, तर माझं वर्ष जाणार आणि त्याचं काम.

"मूठ बरोबर आहे," मी म्हणाले. "हात चुकीचा आहे."

"म्हणजे?"

"तुम्ही समोर असलात की... तो असा होतो. एरवी नसतो."

माझे कान इतके तापले, की पळून जावंसं वाटलं.

मग तो उठला, लाकडातल्या भेगा भरायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, मऊ गोळा मुठीच्या पोकळीत दाबून बसवला, पिस्तूल माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"धरा," बाहेरून आवाज आला. "आवळू नका."

"तुम्ही बोलू नका ना!"

"...आवाजानेही होतं?"

"होतं!"

त्यानंतर दाराबाहेरून चकार शब्द आला नाही. मी डोळे मिटले, रेंजवरची ती शांत रेषा आठवली आणि हात हळूहळू थंड झाला. लांबीत त्याचा ठसा उमटला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती वाळली, त्याने घासून गुळगुळीत केली, आणि चारला सात मिनिटं कमी असताना पिस्तूल तपासणीच्या टेबलावर पोचलं. या सगळ्यात तो माझ्याकडे बघून एकदाही हसला नाही. बोललासुद्धा नाही. संपलं सगळं, असं मी समजून चालले.

चाचणीच्या दिवशी प्रेक्षकांत तो नव्हताच. साठ गोळ्या मी एकटीने मारल्या. निकालाचा कागद लागेपर्यंत जीव टांगणीला, आणि कागद लागल्यावर मी तो तीनदा वाचला.

बाहेर आले, तर तो सायकल स्टँडपाशी उभा. चेहरा पांढराफटक.

"आत का नाही आलात?"

"हात बिघडला असता तुमचा. मूठ हलली?"

"नाही."

"मग?"

"पाचवी आले. शेवटची जागा."

त्याने इतका मोठा श्वास सोडला, की शेजारचे दोघं वळून बघायला लागले.

"आता बोलू?" तो म्हणाला. "तीन दिवस दाबून ठेवलंय. त्या दिवशी दाराबाहेर माझेही हात असे थरथरत होते, की कानस धरता आली नसती. पण तेव्हा सांगितलं असतं, तर तू कुठली पाचवी येतेस!"

तो मला 'तू' म्हणाला होता. मी माझ्या हाताकडे बघितलं. तो गरम झाला होता, घामेजला होता, थरथरत होता... आणि पहिल्यांदाच मी त्याला आवरलं नाही.