सवडखोलीतली धाकटी

पहिला तास संपल्याची घंटा झाली की शाळेच्या मागच्या बाजूचं जाड दार उघडायचं आणि आठ मुलं डोळे चोळत बाहेर यायची. तेवढ्या वेळात बाकीच्या वर्गांत हजेरी होऊन फळ्यावर जेमतेम दोन गणितं झालेली असायची. या आठजणांचा मात्र एक अख्खा दिवस आणि एक रात्र उलटलेली असे. ती आत शिकत, दोनदा जेवत, झोपत, उठून तोंड धुवत आणि मग इतरांबरोबर दुसऱ्या तासाला येऊन बसत.

त्या खोलीला सगळे सवडखोली म्हणत. ज्या मुलांना शिकायला जास्त वेळ लागतो त्यांच्यासाठी ती बांधलेली होती. सरकारी नाव बरंच लांबलचक होतं आणि ते फक्त दारावरच्या पाटीवर होतं.

काळ सगळीकडे एकाच चालीने चालत नाही, हे शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. डोंगरमाथ्यावरचं घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा किंचित पुढे धावतं, कारण पायथ्याशी पृथ्वीची ओढ जास्त असते आणि जिथे ओढ जास्त तिथे काळ संथ. हा फरक इतका सूक्ष्म की त्याने कुणाचा चहाही निवला नसता. डॉ. विभावरी टेंबे यांनी भिंतींना लावायचं एक अस्तर शोधलं आणि तो सूक्ष्म फरक फुगवत चोवीस पटींवर नेला. बाहेर एक तास गेला की अस्तराच्या आत चोवीस तास जात.

शिक्षण खात्याला हा शोध म्हणजे लॉटरीच वाटली. मागे पडणाऱ्या मुलांचे आईबाप वर्षानुवर्षं जादा वेळ मागत होते. आता तो देता येणार होता, आणि त्यासाठी ना वेळापत्रक बदलायचं होतं, ना एक शिक्षक वाढवायचा होता. शिक्षक तर आत जातच नसत. रोज एका दिवसाने जास्त म्हातारं व्हायला त्यांच्या संघटनेने पहिल्याच आठवड्यात नकार दिला आणि खात्याने तो मुकाट्याने मान्य केला. आत शिकवायला यंत्र होतं. मुलांची संघटना नव्हती.

कराडच्या शनिवार पेठेत प्राजक्ता लोखंडे शाळेचे गणवेश शिवायची. तिला दोन मुली, थोरली ओवी आणि चौदा महिन्यांनी धाकटी रेवा. रेवाला समजत नव्हतं असं काही नव्हतं. प्रश्न विचारला की तिचं उत्तर यायला वेळ लागायचा. कधी दोन मिनिटं, कधी दहा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असे, पण तोवर वर्ग पुढच्या पानावर गेलेला असे आणि रेवाच्या वहीत शून्य पडलेलं असे.

रेवा सात वर्षांची असताना प्राजक्ताने तिच्यासाठी जादा वेळ मागितला. अर्ज कसा करायचा ते हसीना मुल्ला यांनी शिकवलं. हसीनाभाभी एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. स्वतःच्या बहिऱ्या मुलासाठी त्या बारा वर्षं खात्याशी भांडल्या होत्या आणि आता दुसऱ्यांच्या मुलांसाठी भांडत होत्या. अर्ज मंजूर झाला, रेवा सवडखोलीत जाऊ लागली आणि प्राजक्ताने आळीभर पेढे वाटले. सहा महिन्यांत रेवा दुकानांच्या पाट्या वाचू लागली. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पण प्राजक्ताच्या हातात टेप असायची. दर जूनमध्ये ती दोघींची मापं घेऊन वहीत लिहायची आणि ओवीचा गणवेश आखूड झाला की तो रेवाला द्यायची. दुसऱ्या वर्षी तो रेवाला खांद्यात घट्ट झाला. तिसऱ्या वर्षी रेवाची उंची ओवीहून दोन बोटं जास्त भरली, आणि रेवाचा उतरलेला फ्रॉक ओवीला अगदी मापात बसला. प्राजक्ताने टेप गळ्यात तशीच ठेवून वहीचं कोरं पान उघडलं. मग तिने हिशेब केला. वर्षाला दोनशेवीस शाळेचे दिवस आणि दर दिवसामागे तेवीस तास जास्तीचे. तीन वर्षांत सहाशे बत्तीस दिवस. तिची धाकटी आता थोरलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी होती.

त्याच आठवड्यात खात्याचं पत्र आलं. रेवाची प्रगती समाधानकारक असल्याने तिला आता रोज तीन तास सवडखोलीत बसवण्यात येईल, असं त्यात होतं. शेवटच्या कलमात बारीक अक्षरात आणखी एक गोष्ट होती. मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षापर्यंत, आणि वय शरीराचं धरलं जाईल. म्हणजे अडीच वर्षांच्या आत रेवा खात्याच्या लेखी सज्ञान होऊन शाळेबाहेर पडणार होती. ओवी दहावीला बसेल तेव्हा रेवा वीस वर्षांची बाई असेल. प्राजक्ताला भयंकर राग आला आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता, कारण पहिल्या अर्जावर सही तिचीच होती.

हसीनाभाभींनी तिला पाणी दिलं, पत्र दोनदा वाचलं आणि सुनावणी मागायला लावली. जाण्यापूर्वी एवढंच बजावलं, “टेबलाम्होरं रडायचं न्हाई. रडनाऱ्या आया त्यांना पाठ झाल्यात. न्हाई म्हनलं तर लेखी मागायचं.”

शाळेतच भरलेल्या सुनावणीला शिक्षणाधिकारी पाटणे अध्यक्ष होते, सोबत दोन सदस्य, आणि तज्ज्ञ म्हणून खुद्द डॉ. टेंबे. प्राजक्ताच्या एका बाजूला रेवा बसली होती, दुसऱ्या बाजूला हसीनाभाभी. प्राजक्ताने मापाची वही पुढे ठेवली आणि मागणी सांगितली. रेवाची सवडखोली बंद करा, तिला साध्या वर्गात बसवा आणि तिच्या उत्तरासाठी थांबेल असा एक शिक्षक द्या. पाटण्यांनी वही चाळली. मुलीची प्रगती तर दिसतेच आहे, असं ते समजुतीने म्हणाले. मग नियमाप्रमाणे त्यांनी रेवाला विचारलं, “बाळ, तुला काय हवं?”

रेवा खिडकीकडे बघू लागली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. पाटण्यांनी घड्याळ पाहिलं आणि मुलीला काही सांगायचं नाही असं लिहायला पेन उचललं.

“थांबा सायेब,” हसीनाभाभी म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून नियमपुस्तक काढलं आणि खुणेचं पान उघडून वाचलं. मुलाला ज्या सोयीने शिकवलं जातं, त्याच सोयीने त्याचं म्हणणं ऐकलं जावं. म्हणजे ही सुनावणी सवडखोलीत व्हायला हवी. समितीचा बाहेरचा फार तर एक तास जाईल आणि आत पोरीला बोलायला अख्खा दिवस मिळेल.

पाटण्यांना कल्पना आवडली. ते उठायच्या बेतात होते, तेवढ्यात एका सदस्याने डॉक्टरांना हळूच विचारलं की आत गेल्यावर आपलं काय होतं.

“काही नाही,” टेंबे म्हणाल्या. “तुमच्या आयुष्यातला एक दिवस आत खर्च होतो, इतकंच.”

पाटणे पुन्हा बसले. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ आठवली, सदस्याला दुसरी बैठक आठवली. एका दिवसाने काही बिघडत नाही, पण उगाच कशाला, असं कुणीतरी म्हणालं.

प्राजक्ता उभी राहिली. ती रडली नाही. तिने डॉक्टरांना विचारलं, “बाई, तुमी कितीदा गेलाय आत?”

टेंबे खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. “एकदा. चार मिनिटं,” त्या म्हणाल्या.

“माझी पोर सहाशे साठदा गेली. तुमाला एक दिस जड झाला. हे लिवून घ्या सायेब. समिती आत यायला न्हाई म्हनली, आनि का म्हनली, त्ये बी लिवा.”

पाटण्यांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. काही लिहिणं धोक्याचं होतं, न लिहिणंही धोक्याचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्या माणसांची एक बैठक एवढा वेळ गप्प बसून राहिली.

त्या शांततेत रेवाचं उत्तर आलं. प्रश्नाला अकरा मिनिटं झाली होती.

“मला परत धाकटी व्हायचंय.”

पाटण्यांनी टेंब्यांकडे पाहिलं. काळ पुढे ढकलणारं अस्तर त्यांनी शोधलं होतं. मागे आणणारं अस्तर नव्हतं.

तासाभराने निकाल टाइप होऊन आला. रेवाची सवडखोली बंद, साधा वर्ग, एक जादा शिक्षक. मागितलं होतं ते सगळं. खाली ठरावीक ओळ होती, तक्रारीचे पूर्ण निवारण झाले आहे, आणि सहीसाठी जागा.

प्राजक्ताने हसीनाभाभींकडे पाहिलं. शिकवायचं होतं ते शिकवून झालं होतं. प्राजक्ताने पेन घेतलं, ती ओळ आडवी खोडली आणि खाली गिचमिड्या अक्षरात लिहिलं, ‘माझ्या मुलीचे सहाशे बत्तीस दिवस परत मिळेपर्यंत तक्रार बंद समजू नये.’ मग सही केली आणि पोच मागितली.

“बाई, हे शक्य नाही,” पाटणे म्हणाले.

“मग तसं लेखी द्या,” प्राजक्ता म्हणाली. “दर साली द्या. मी दर साली मागनार.”

बाहेर पायरीवर ओवी वाट बघत बसली होती. तिच्या अंगात रेवाचा फ्रॉक होता. रेवा तिच्याहून उंच, तरी जाऊन तिच्या मागे उभी राहिली, नेहमी उभी राहायची तशी, आणि तिने विचारलं, “ताई, घरी जायचं?”